खोकून गाळलेलं पान

हनीफ,

काल तुझा चाळिसावा झाला. तिकडे गावात आईने काय केलं ते पत्र आल्यावर कळेल. इथे दोह्यात आमच्या खोलीवर जुम्म्याच्या नमाजानंतर कुराण वाचलं आणि दाऊदचाचांनी खीर केली. साखर नेहमीसारखी जास्त झाली. तू असतास तर म्हणाला असतास, चाचा, हिच्यात चमचा उभा राहतोय. काल मात्र आठ माणसांनी मान खाली घालून वाट्या चाटूनपुसून साफ केल्या.

तू गेल्याची तार मला जेट्टीवर मिळाली. बोट लांब समुद्रात उभी होती, बार्जवरून माल येत होता आणि मी नेहमीप्रमाणे पेट्या मोजून वहीत लिहीत होतो. हल्ली निम्म्या पेट्या जपानहूनच येतात, कपबश्या, कापड, रेडिओ. तार वाचून मी खिशात घातली आणि पुढच्या अकरा पेट्या लिहिल्या. दुसऱ्या दिवशी वही तपासली तर एकसुद्धा चूक नव्हती. याची मला अजून लाज वाटते.

मुंबईची बोट यायला चार दिवस, पोचायला आणखी आठवडा. तुझी कावीळ तेवढी थांबली नाही, मय्यत तर थांबतच नाही. तुला मांडीवर खेळवणारा मोठा भाऊ तुला माती द्यायला नव्हता. पण हे रडगाणं गायला मी बसलेलो नाही. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती पाच वर्षांपूर्वी सांगायला हवी होती. तेव्हा तू समोर होतास, हाताच्या अंतरावर, आणि मी तुझ्याशी धादांत खोटं बोललो.

आमच्या खोलीचा रिवाज तुला माहीत आहे. खोलीत वाचता येणारे दोघेच, त्यातल्या एकाला चष्म्याशिवाय दिसत नाही. म्हणून गावची पत्रं जुम्म्याला जेवणं झाली की मी वाचायचो, सगळ्यांची, सगळ्यांसमोर, अंगणात सतरंजी टाकून. आता बायकोने नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात चारचौघांत न वाचण्यासारखं असतंच. तिथे वाचणाऱ्याने खोकायचं आणि ओळ सोडून पुढे जायचं. खोकला ऐकला की सगळे समजून घेत, कुणी आकाशाकडे बघे, कुणी चहा ओतून घेई. ज्याचं पत्र असेल तो नंतर हळूच येऊन ती ओळ ऐकून जाई. या खोकण्यावर आमच्या खोलीचे निम्मे संसार टिकून होते.

तुझ्या पत्रांत मात्र खोकण्यासारखं काही नसायचं. अठ्ठावन्न साली तू सरकारी शिष्यवृत्तीवर टोकियोला मासळीची विद्या शिकायला गेलास. खाडीवरच्या पोराने मासे शिकायला जपानला जावं याचं मला हसू आलं होतं, आणि अभिमानही वाटला होता. हसू मी तुला दाखवलं, अभिमान दाखवला नाही. मोठ्या भावांची ही जुनी खोड.

पण पत्रं तू लिहावीस! आपल्याला डुक्कर चालत नाही हे घरमालकीण म्हातारीला कसं समजवावं म्हणून तू कागदावर डुक्कर काढून त्यावर फुली मारलीस, आणि तिला वाटलं पाहुण्याने भेट दिली. तिने ते चित्र स्वयंपाकघरात टांगलं. तू दोन वर्षं त्या डुकराखाली बसून अंडं-भात खाल्लास. आंघोळीच्या सार्वजनिक घरात तू पंचा नेसून पाण्यात उतरायला गेलास तेव्हा गल्ल्यावरची बाई ओरडत आली की कापडासकट पाण्यात नाही. मग तू दुपारी दार उघडल्या उघडल्या, दुसरं माणूस यायच्या आत आंघोळ उरकायला लागलास. फुजी डोंगर बघायला तू तीनदा गेलास आणि तीनदा ढग बघून आलास. शेवटी एकदा आगगाडीत उकडलेलं अंडं सोलताना तो खिडकीत उभा दिसला. नारा गावातलं हरिण बिस्किटासाठी मान लववून सलाम करतं, हे तर मला तीनदा वाचावं लागलं. एका पत्रात तू लिहिलंस की आज बर्फ पडला, चिमूटभर पाकिटात घातलाय, उरला तर बघा. दाऊदचाचांनी खरंच पाकिटाच्या आत बोट फिरवून बघितलं. म्हणाले, "वल हाय रे थोडी."

हरणाचं तीनदा वाचायला लावलं ते अबू जासिमनी. आमच्या खोलीचे मालक, शेजारीच राहणारे. तरुणपणी ते गव्वास होते, म्हणजे समुद्राच्या तळाशी बुडी मारून मोत्यांचे शिंपले काढणारे. पायाला दगड, नाकाला चिमटा, गळ्यात जाळीची पिशवी. नाखुदाबरोबर, म्हणजे होडीच्या कप्तानाबरोबर, मोती विकायला मुंबईला जाऊन आलेले, त्यामुळे त्यांची हिंदी आपल्याइतकीच मोडकी. जुम्म्याला पत्र वाचायची वेळ झाली की ते येऊन बसत, एका ठरावीक जागी, उजवा कान माझ्याकडे करून. डाव्याने ऐकू येत नव्हतं. मी मराठीत एक ओळ वाचायची आणि हिंदीत त्यांना सांगायची. तुझ्या आंघोळीच्या गोष्टीला ते इतके हसले की ठसका लागला. जेट्टीवर माझी नोकरी लागली तीही त्यांच्याच शब्दावर.

मोत्यांचा विषय मात्र त्यांच्यापुढे कुणी काढायचा नाही, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो होतो. बाजारात कुणीतरी सहज म्हणालं की जपानी मोती स्वस्त आणि गोल, दिसायला झक्क. अबू जासिम चहा तसाच ठेवून उठले आणि त्या दुकानात परत गेले नाहीत. जपान्यांनी शिंपल्यात मणी घालून मोती पिकवायला घेतले आणि इकडच्या बुड्या संपल्या, हे इथल्या पोराटोरालाही माहीत होतं. अबू जासिमच्या भावाची होडी किनाऱ्यावर उलटी पडून वाळत होती. लोकांनी तिच्या फळ्या चुलीला नेल्या.

आणि अशात तुझं जपानहून शेवटचं पत्र आलं. चार पानं होती. तीन मी नेहमीच्या थाटात वाचली. चौथं पान उचललं, वरच लिहिलं होतं, "भाई, हे पान अबू जासिमना वाचून दाखव." मी तोंड उघडलं, आणि दोन ओळी खाली नजर गेली तर, "शिंपल्यात मणी घालून मोती तयार करतात." म्हातारा उजवा कान पुढे करून बसलेला. मी खोकलो. पण खोकून ओळ गाळता येते, पान कसं गाळणार? मी खोकतच राहिलो. डोळ्यांत पाणी आलं तरी थांबलो नाही. एका हाताने पान घडी करून खिशात घातलं आणि म्हणालो, "खलास, बस इतनाच लिखा है." दाऊदचाचांना वाटलं खरोखरच छातीत कफ झाला. त्यांनी मला आल्याचा काढा करून पाजला, वर मिरी घालून. तो मी मुकाट्याने प्यालो.

संध्याकाळी ते पान मी पुरतं वाचलं. त्यात मोत्यांच्या पलीकडचं बरंच होतं, आणि शेवटी अबू जासिमसाठी तिकडच्या किनाऱ्यावरच्या एका म्हातारीचा निरोप होता. तरीही मी ते बिस्किटांच्या डब्यात, सगळ्या पत्रांच्या तळाशी ठेवून दिलं. म्हाताऱ्याचं मन दुखेल ही भीती होती, खोटं नाही. पण खोली जाईल, नोकरी जाईल, ही भीती जास्त होती. त्या दिवशी मी तिला अदब म्हणालो होतो.

तुला उत्तर लिहायच्या आत तू बोटीत बसलास. गावी तीन महिने राहिलास आणि मग थंडीत बारा दिवस माझ्याकडे आलास. अंगावर कोट, बगलेत वही. जपानची सवय तशीच राहिली होती तुझी, सकाळी उठून म्हणायचास, भाई, आज काय बघायचं? मी म्हणालो, अरे हे क्योटो नाही, इथे बघायला आहे काय? वाळू आणि मी. तू एकटा निघालास. संध्याकाळी येऊन मला सांगायचास की बाजारामागच्या गल्लीत एक माणूस बहिरी ससाण्यांच्या डोक्याच्या चामडी टोप्या शिवतो, अल रय्यानच्या वाटेवर एका बागेत विहिरीपाशी शंभर बुलबुल येतात, किनाऱ्यावर होड्यांच्या सुताराकडे टेपच नाही, सगळं नजरेने. तोवर आठ वर्षं मी या गावात होतो आणि तू मला ते चार दिवसांत दाखवलंस. याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत, ते आता मानतो.

तुझ्या त्या डबाबंद मासळीच्या बेतावरही आपण भांडलो. तू म्हणायचास, "भाई, गावाक चल. बांगडो डब्यात भरू, अख्खी मुंबय खाईल." मी म्हणायचो, ताजा बांगडा सोडून डब्यातला खायला मुंबईला वेड लागलंय काय? हा वाद तू गेलास म्हणून मी जिंकलो असं समजू नको. तुझा मुद्दा अजून उभा आहे.

सातव्या दिवशी अबू जासिमनी आपल्याला उम्म सलालला नेलं, त्यांच्या मेहुण्याच्या मळ्यावर. ते जुने बुरूज बघून तू वहीत चित्र काढलंस. खजुराच्या सावलीत जेवणं झाली, दाऊदचाचांनी मच्छीभात केला होता. हात धुऊन तू मजेत बसलास आणि अबू जासिमना म्हणालास, "चाचा, वो औरतों का भाईने आपको सुनाया होगा ना? मोती के किनारे वाला?"

अबू जासिमनी माझ्याकडे पाहिलं. मी तुला मराठीत म्हणालो, "गप बस." तुला कळेना. तुला वाटलं मी चेष्टा करतोय. तू पुढे बोलत राहिलास, शिंपला कसा किलकिला करतात, मणी कसा सरकवतात, टोपल्या पाण्यात कशा टांगतात, हातवारे करून सगळं. आपल्या विद्येतलं सांगताना तुझा चेहरा उजळायचा. अबू जासिम ऐकत राहिले, मग तुझं अर्ध्यावर असतानाच उठले आणि असरच्या नमाजासाठी वजू करायला विहिरीकडे गेले.

परतताना आपण दोघे पिकअपच्या मागच्या फळीवर बसलो होतो. मी तुला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, तुला आठवत असेल. शेवटी म्हणालो, "तू बारा दिवसांचो पावणो. मना हय रवाचा हाय."

तू म्हणालास, "पण भाई, मी ता सगळा लिवलंला. तू वाचलंस नाय?"

मी म्हणालो, "चार पानं नव्हतीच. तीनच आली. एक पोस्टात गेलं असेल कुठे."

इतकं सरळ तोंडातून आलं, हनीफ, की मला स्वतःलाच खरं वाटलं. तू मागे पळणाऱ्या रस्त्याकडे तोंड वळवलंस. मग म्हणालास, "मग चूक माजीच. मी न इचारता बोललू." जरा वेळाने तू म्हणालास की त्या पानात जिचा निरोप होता त्या म्हातारीचं उत्तर आता राहू दे, चाचांना आणखी काही विचारायला नको, उगाच जखमेवर मीठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू एकटाच त्यांच्या दारात जाऊन माफी मागून आलास. मी आमच्या दारातून बघत होतो. म्हाताऱ्याने तुला बसवलं, आतून आपला नाकाचा चिमटा आणला, काळा, शिंगाचा, आणि तुझ्या नाकाला लावला. तू गाल फुगवून श्वास धरलास आणि ते बोटांवर आकडे मोजत राहिले. तिसाच्या पुढे तू लाल झालास आणि दोघेही हसायला लागलात. मला त्याच वेळी येऊन सांगता आलं असतं. दहा पावलं होती. मी चप्पल पायात घातली, आणि जेट्टीकडे गेलो.

तू गेल्यावर अबू जासिम विचारत राहिले. "हनीफ कब आएगा? वो औरतों का आधा सुना." वर्षातून दोन-तीनदा तरी. मी म्हणायचो, इन्शाल्ला, अगले साल. तुला मी हे कधी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू आनंदाने त्यांना सगळं परत लिहिलं असतंस, म्हातारीच्या निरोपासकट, आणि निरोप ऐकून म्हाताऱ्याने मला विचारलं असतं की हे तेव्हाच का नाही वाचलंस. एका खोट्याला जागा करून द्यायला मी तुझं आणि त्यांचं बोलणं अडवून धरलं. आणि तुझी पत्रं बदलली. पुढे तू रत्नागिरीला नोकरीला लागलास, किनाऱ्याकिनाऱ्याने फिरलास, पण समुद्राबद्दल एक ओळ लिहिली नाहीस. आईचे गुडघे, घराची कौलं, सगळे खुशाल. तुला वाटत असणार, आपण बोललो की कुणीतरी दुखावतं. तसं नव्हतं रे. तुझं बोलणं ऐकायला एक माणूस वाट बघत होता.

काल खीर झाल्यावर अबू जासिम आले. आता काठी लागते. आपल्या ठरावीक जागी बसले, उजवा कान माझ्याकडे केला आणि तुझ्यासाठी दुवा मागत म्हणाले, "अल्ला यरहमा. आज जुम्मा है. हनीफ का चिट्ठी पढो."

मी म्हणालो, "चाचा, नया चिट्ठी अब कहाँ से आएगा?"

"पुराना पढो. हरण वाला पढो."

मी आत जाऊन डबा उघडला. हरणाचं पत्र वरच होतं. ते बाजूला ठेवलं आणि तळाशी हात घातला. बाहेर येऊन आधी सांगितलं, चाचा, ये पन्ना तुम्हारा है, पाँच साल पहले आया था, मैंने छुपाया. त्यांनी हातानेच खूण केली की वाच. मग मी वाचलं:

"भाई, हे पान अबू जासिमना वाचून दाखव. मी मोत्यांच्या किनाऱ्यावर जाऊन आलो. इथे शिंपल्यात मणी घालून मोती तयार करतात. हे चाचांपासून लपवू नको, त्यांना ठाऊक असणारच. पण त्यांना हे सांग की इथे समुद्रात बुडी मारतात त्या बायका. पांढरे कपडे, डोक्याला फडकं, कमरेला दोर. वर आल्या की तोंडाने लांब शीळ घालतात, त्याने छाती मोकळी होते. एका म्हातारीने मला शेकोटीपाशी बसवलं. सत्तरीची असेल, अजून बुडी मारते. माझ्या भावाच्या शेजारी एक गव्वास राहतात असं मी सांगितलं, तर तिने हाका मारून सगळ्या बायका गोळा केल्या. त्यांना वाटत होतं, हे काम जगात आपल्याच किनाऱ्यावर करतात. म्हातारीने विचारलंय, त्यांचे कान दुखायचे का? तिचा एक गेलाय. चाचा काय म्हणतात ते मला कळव. मी तिला पत्राने सांगायचं कबूल केलंय."

वाचून झालं. दाऊदचाचा माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "म्हणजे तो काढो मी फुकट केलू?" कुणी हसलं नाही, मग सगळेच थोडे हसले.

अबू जासिम म्हणाले, "मोती का खबर मेरे को हनीफ के पैदा होने से पहले मिला. वो क्या छुपाने का चीज है?" मग त्यांनी डाव्या कानाला हात लावला. त्यांनी एकदा विचारलं, सच में उसने पूछा? मी पानावर बोट ठेवून ती ओळ त्यांना दाखवली, त्यांना वाचता येत नसलं तरी. त्यांनीही तिच्यावर बोट फिरवलं. म्हणाले, चालीस साल किसी ने हमको नहीं पूछा, दुखता था क्या.

तेव्हा हनीफ, ते काय म्हणाले ते कळवतो. तू सांगितलं होतंस, मला उशीर झाला, माफ कर. ते म्हणाले, दुखायचे. पहिल्या उन्हाळ्यात रक्त आलं, मग सवय झाली. शीळ नाही घालायचो, दोर धरून गप्प राहायचो, अल्लाचं नाव घ्यायचो आणि परत खाली. डावा कान खालीच राहिला. आणि तिला विचारायला सांगितलंय, तुझा कुठला राहिला?

म्हातारी तेव्हाच सत्तरीची होती असं तू लिहिलंयस. तर आता ती कदाचित तुझ्याच बाजूला आली असेल. भेटली तर विचार. उत्तर कळवायची घाई करू नको, मी येईन तेव्हा सांग.

तुझा,
भाई